राक्षसाचा प्रसाद

फ्रिजवर जुनी चादर टाकली, कारण फ्रिज नवा दिसत होता.

*

कवड्यांच्या माळेतली सतरावी कवडी फुटकी आहे. ती बदलायची नाही असं आजोबा सांगून गेले. का, ते सांगितलं नाही.

*

"बाबा मत बोलना बेटा, लोगों को लगेगा कोई साधू है. पापा बोलो."

*

काजळ घरचंच लागतं, एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं. बाजारचं पुसताना पसरतं.

*

एका फोनवरून दिवसाला पन्नास मतं.

*

धारहून निरोप: यंदा येऊ नका.

*

हे सगळं एकाच माणसाचं आहे. देवासच्या गणपत गोंधळ्याचं.

कोण हा गणपत

पवारांच्या मागोमाग जे गोंधळी दख्खनेतून माळव्यात आले, त्यांच्यातलं हे एक घर. राजे गेले, तनखे गेले, गोंधळ राहिला. दिवसा गणपत चामड्याच्या कारखान्यात पट्टे कापतो. लग्नसराईत देवासच्या, धारच्या मराठ्यांकडे देवीचा गोंधळ घालतो. तो संबळ वाजवून आख्यान लावतो, चुलतभाऊ खंडोजी तुणतुणं धरतो, बायको नीतू चौक भरते. दिवटी धरायला लेक, शिवांगी. चार वर्षांची असल्यापासून. तेलाचा थेंब अंगावर पडला तरी दिवटी हलत नसे पोरीची, पाय मात्र एका जागी ठरत नसत.

आख्यानात राक्षस गणपतच व्हायचा. कपाळावर काजळाचं आडवं बोट ओढलं की झाला महिषासुर. मग तो असा काही गुरगुरायचा की मनावर गावी एकदा एका सुभेदारीणबाईंनी पायातली वहाण काढली होती. पण देवीनं राक्षस मारला की त्यांच्या घराण्याची एक रीत होती. यजमानीण पुढे येते, ओल्या पदरानं ते काजळ पुसते आणि पहिला प्रसाद राक्षसाच्या हातावर ठेवते. मग आरती, मग बाकीचे. ज्यानं आपल्यासाठी शिव्या खाल्ल्या त्याला उपाशी ठेवून देवी जेवत नाही, असं आजोबा म्हणत. आणि एकदा लावलेलं आख्यान अर्ध्यावर सोडायचं नाही. अमझेऱ्याला मांडव वाऱ्यानं उडाला तेव्हा गणपतनं एक म्हातारी आणि दोन कुत्री यांच्यापुढे आख्यान पुरं केलं होतं. म्हातारीनं काजळ पुसलं होतं.

एवढं ध्यानात ठेवलं म्हणजे पुढे काय चुकलं ते कळेल.

हफ्ता तीन

"ताल का ताज" या टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत शिवांगी निवडली गेली आणि मुंबईला गेली. एकोणीस वर्षांची पोर, बारा स्पर्धकांत सगळ्यात लहान. तिसऱ्या आठवड्यात ती कॅमेरेवाल्यांना घेऊन दोन दिवसांसाठी घरी आली. "घर की कहानी" शूट करायची होती. त्यांचा म्होरक्या अंशुल, मूळ इंदूरचा, फार गोड बोलायचा.

त्यानं घर पाहिलं, फ्रिज झाकला, संबळ पलंगाखाली सरकवला आणि गणपतला ओट्यावर घेऊन बसला.

"सर, प्रॉब्लेम क्या है, बारह के बारह बाप सपोर्ट करते हैं. पब्लिक बोर हो गई. आप अगर थोड़े नाराज़ हों तो?"

"कोणावर?"

"शिवांगी पे. डान्स के खिलाफ. सख्त बाप."

गणपत इतका हसला की आतून नीतू बाहेर आली. "अगं, हे मला राक्षस करून राहिलेत," तो म्हणाला. "टीव्हीवर!"

"मग आजवर काय साधू होतात?" नीतू म्हणाली.

गणपत गंभीर झाला. धंद्याची गोष्ट होती. "भिया, राक्षस होईन. पण काजळ कोण पुसणार?"

"कौनसा काजल?"

"मतलब, आखिर में."

"अरे सर! आठवाँ हफ्ता, फॅमिली स्पेशल. आप संबल लेके स्टेज पर. शिवांगी दौड़ के आएगी. जज लोग रोएँगे. तब तक बस आप दोनों बात नहीं करेंगे, किसी को बताएँगे नहीं. साइन है न."

म्हणजे शेवटी आरती होती. गणपतला एवढंच ऐकायचं होतं. आख्यान लावणारा माणूस ते अर्ध्यावर सोडत नाही, हे त्याला जन्मापासून ठाऊक. टीव्हीवाले आख्यानच लावतात, तेव्हा त्यांनाही ते ठाऊक असणार, असं त्यानं धरलं. इंग्रजी कागदावर त्यानं सही केली. शिवांगीची आधीच झालेली होती.

"बाबा, नाही म्हणा ना," ती म्हणाली. "मला नाही आवडून राहिलं."

"खुळी. पाच आठवड्यांचा राक्षस. तू नाच."

टेक एक

टेक एकच झाला. गणपतनं शिवांगीचे चाळ उचलले, दाराबाहेर भिरकावले आणि म्हणाला, "नाचेगी तो इस घर में पैर मत रखना."

ते वाक्य लिहून दिलेलं होतं. पण म्हणताना त्यानं जो आवाज काढला तो चाळीस वर्षांच्या महिषासुराचा होता. शिवांगी रडली. ते लिहून दिलेलं नव्हतं. अंशुलनं टाळ्या वाजवल्या.

कॅमेरा बंद झाल्यावर गणपत अनवाणी गल्लीत गेला. एकेक घुंगरू वेचलं, चाळ कपाळाला लावले, गालात मारून घेतली. देवीपुढचे चाळ होते ते.

हे कुणी शूट केलं नाही.

हफ्ता चार

गल्लीला सगळं माहीत होतं, आणि बाहेर बोलायचं नाही हेही. "काय राक्षस, दूध आणायला निघाले?" समोरचे दत्तोपंत रोज विचारत. गणपत गुरगुरून दाखवी. पोरं हसत पळत.

गल्लीबाहेर चाळ भिरकावल्याची तेवढी बारा सेकंदं लाखो लोकांनी पाहिली. कारखान्यात सुपरवायझर म्हणाला, "गणपत, बेटी से ऐसे बात करते हैं?" चहावाल्यानं कप पुढे न करता फळीवर ठेवला. गणपत मनात आठवडे मोजू लागला.

फोन

रविवारी फोन यायचा, नीतूच्या मोबाइलवर. तिकडे फोन लावून देत, समोर कॅमेरा ठेवत, आणि काय विचारायचं ते सांगत.

"मम्मी, पापा ने मेरे बारे में पूछा क्या?"

गणपत हातभर अंतरावर बसलेला असे. लेकीचा आवाज बसलाय, सर्दी आहे, हे त्याला कळे. ओवा घे म्हण, असं तो नीतूला हातानं खुणावी.

"नाही," नीतू म्हणे. लिहून दिलेलं तेच होतं.

"गुस्सा हैं अभी भी?"

"हो."

मग नीतू पुढचं आपल्या पदरचं जोडी, "ओवा घे बेटा. गरम पाण्यातून." आणि गणपत तोंडावर हात ठेवून मान हलवी, हो, हो, गरम पाण्यातून.

पाचव्या आठवड्यात शिवांगीनं तोच प्रश्न विचारला, आणि कॅमेरा बंद झाल्याचा आवाज आल्यावर पुन्हा विचारला. हळू, मराठीत. "आई, खरंच विचारतात का गं बाबा?"

नीतूनं उत्तर द्यायच्या आत फोन काढून घेतला गेला.

धार

धारच्या जमुनाबाई म्हणजे गणपतच्या घराचे चार पिढ्यांचे यजमान. नातू हर्षितचं लग्न ठरलं होतं. गोंधळ गणपतचाच असणार, हे पत्रिका छापण्याआधीच ठरलेलं. सहाव्या आठवड्यात त्यांनी स्वतः फोन केला. बाईंचं मराठी जुन्या वळणाचं, रागातसुद्धा घडी न मोडणारं.

"गणपत, लेक ही घरची भवानी. तिच्या पायींचे चाळ ज्यानं उकिरड्यावर टाकले, त्याच्या हातची दिवटी आमच्या उंबऱ्यात कशी यावी? यंदा येऊ नका."

सांगणं जिभेवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर बाईंनी सुनेला, सुनेनं बहिणीला सांगितलं असतं, आणि गोष्ट मुंबईला पोचली असती. शिवांगीला काढलं असतं.

"जी, बाईसाहेब," गणपत म्हणाला.

"दोन आठवडे," तो नीतूला म्हणाला. "मग त्याच बोलावतील बघ." आणि संबळाच्या कातड्याला शाई लावायला बसला.

हफ्ता सात

मतं कमी पडली.

सगळी गल्ली गणपतच्या घरात टीव्हीपुढे होती. निवेदकानं शिवांगीचं नाव वाचलं. शिवांगीनं स्टेजला हात लावून कपाळाला लावला. निवेदकानं विचारलं, "जाते-जाते पापा से कुछ कहना है?"

तिनं कॅमेऱ्यात पाहिलं. "पापा," ती म्हणाली, "अब तो बात कर लो मुझसे."

"अगं, बोल की!" गणपत टीव्हीला म्हणाला.

गणपतनं जन्मभर सोंगं केली होती, शंभर सोंगं पाहिली होती. डोळा कुठे हलतो, श्वास कुठे अडतो, ते त्याला लगेच दिसे. हे सोंग आहे की नाही, हे त्याला ओळखता येईना.

दुसऱ्या दिवशी त्यानं अंशुलला विचारलं, फॅमिली स्पेशल?

उत्तर आलं: वो तो टॉप फाइव की फॅमिली का है सर. सॉरी.

मग गणपतनं लिहिलं, कहानी पूरी करनी पड़ती है भिया, नहीं तो दोष लगता है. दोन निळ्या खुणा उमटल्या. बाकी काही नाही.

देवास स्टेशन

हार, ढोल, चार मोबाइलवाले पत्रकार. शिवांगी उतरली आणि थेट गणपतच्या पायांशी वाकली. त्यानं तिला उचलून धरलं. वजन उतरलं होतं पोरीचं.

"अंकल, इधर देखिए! बेटी को माफ कर दिया?"

गणपतला वाटलं, सांगावं. इथंच, देवीच्या टेकडीकडे तोंड करून. माफी कसली, हिचं पहिलं पाऊल मी टाकून दाखवलंय.

शिवांगी त्याच्या खांद्यात तोंड घालून पुटपुटली, "हो म्हणा, बाबा. अजून तीन महिने साइन आहे. केस करतात."

खंडोजी मागून म्हणाला, "बोल दादा, लोक थांबलेत."

"हाँ," गणपत म्हणाला. "माफ किया."

ढोल वाजला.

आरती

तो व्हिडिओ धारला पोचला. जमुनाबाईंनी निरोप पाठवला: पश्चात्ताप झाला, फार बरं झालं, गोंधळाला यावं. लेकीलाही आणावं.

दिवेलागणीला चौक भरला. शिवांगीनं दिवटी घेतली, खंडोजीनं तुणतुण्याची तार जुळवली. गणपतनं काजळाचं बोट कपाळावर ओढलं आणि अंगणातली पोरं ओरडली, "शिवांगी के पापा! वो गुस्सेवाले!" एक लहान मुलगी खरंच रडत आत पळाली. गणपतनं त्या दिवशी आवाज निम्माच लावला. तरी बायका त्याच्याकडे जशा पाहत होत्या, तशा महिषासुराकडे कधी पाहिल्या नव्हत्या.

राक्षस मेला. गणपत उठून गुडघ्यांवर बसला, डोळे मिटले, कपाळ पुढे केलं, ओंजळ धरली. जमुनाबाईंच्या जोडव्यांचा आवाज जवळ आला, आणि शेजारून पुढे गेला.

"आज पहिला मान लेकीचा," बाई म्हणाल्या आणि प्रसाद शिवांगीच्या हातावर ठेवला. "सोसलं तिनं."

"आजी, आधी बाबांना..." शिवांगी म्हणाली. "त्यांनी काहीच..."

"असू दे, बाळ." जमुनाबाईंनी तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "लेकींचं मन मोठंच असतं. कितीही छळलं तरी बापाचीच बाजू घेतात."

सगळ्या अंगणानं मान डोलावली. दोन-तीन मोबाइल वर आले. शिवांगीनं त्या मोबाइलांकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि मूठ मिटली.

गणपतनं ओंजळ मोडून संबळ ओढला. आरती लावली. अर्ध्यावर सोडायची नाही म्हणून शेवटच्या कडव्यापर्यंत नेली. कपाळावरचं काजळ तसंच होतं.

देवासच्या बसमध्ये नीतूनं पदर ओला केला आणि त्याच्या कपाळाकडे नेला. त्यानं तिचा हात धरला.

"तुझ्या हातानं नाही चालत," तो म्हणाला. "यजमानीण लागते."

पलीकडच्या सीटवर शिवांगी मूठ मिटूनच बसली होती. प्रसादाची साखर विरघळून बोटांतून गळत होती. कंडक्टरनं तिला ओळखलं, तिकीट देता देता हसला, आणि मग गणपतकडे पाहून हसायचा थांबला.

*

या सगळ्याच्या आधी, इंदूरला "ताल का ताज"च्या ऑडिशनची रांग सकाळी सहाला लागली होती. शिवांगीला आदल्या दिवसापासून ताप होता, म्हणून ती समोरच्या चहाच्या टपरीच्या बाकावर झोपली, आणि अकरा वाजेपर्यंत तिच्या जागी रांगेत गणपत उभा होता, तिचे चाळ पिशवीत घेऊन.