इथे जन्मलेल्यांचा फलक

मित्रांनो, आमच्या राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीत, जिन्याशेजारी टांगलेला मी ओकच्या लाकडाचा एक म्हातारा फलक. माझ्या अंगावर सोनेरी मथळा आहे: 'आपल्या गावात जन्मलेली थोर माणसं'. जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखहून बसने अर्ध्या तासावरचं आमचं हे चिमुकलं गाव.

काय तोरा होता माझा! शाळेच्या बाई मुलांना नावं वाचून दाखवायच्या आणि मी फुगायचो. सगळ्यात वरचं नाव एका सरदारपुत्राचं. त्याच्या आईची घोडागाडी इथे मोडली, म्हणून तो इथे जन्मला. चौथ्या दिवशी गेला तो पुन्हा फिरकलाही नाही. तरी त्याचं मला केवढं कौतुक!

गेल्या वर्षी, २०१६ साली, गावच्या कादंबरी नावाच्या मुलीने पोहण्याची राष्ट्रीय शर्यत जिंकली. सोळा वर्षांची पोर. वडील पद्माकर इथे इंजिनियर, आई कुंदा. पेपरात पहिल्यांदाच गावाचं नाव आलं. बेकरीवाल्याने केक वाटले, रंगारी शिडी घेऊन माझ्यापाशी आला.

मग ऑफिसातल्या बाईंनी जन्मदाखला मागितला. त्यावर जन्मगाव सांगली!

"अहो, पहिलं बाळंतपण माहेरी करतात आमच्यात," कुंदा काकुळतीने सांगत होती. "तीन महिन्यांची होती तेव्हा आणली हिला. पोहायलासुद्धा इथेच शिकली."

"खरं आहे, पण मथळा बघा ना," बाई म्हणाल्या.

मथळा माझाच! रंगारी शिडी उचलून निघून गेला. कादंबरीने खांदे उडवले. "एगाल, मम्मा," म्हणाली. म्हणजे, जाऊ दे गं. पण डोळे भरले होते तिचे. मला इतकी लाज वाटली की भिंतीत शिरावंसं वाटलं.

त्याहून वाईट परवा झालं. कुंदा गावात नव्याने आलेल्या एका मुलीला पत्त्याची नोंदणी करायला घेऊन आली. चारुलता नाव, सहावा महिना चालू. कुंदा माझ्यासमोर थबकली.

"तू साताऱ्याला जाऊ नकोस गं. इथेच होऊ दे बाळ. माझ्यामुळे माझ्या पोरीचं नाव या फलकावर यायचं राहिलं."

"पण कुंदाताई, आई वाट बघतेय. माझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय तिने."

"आईला मी समजावते."

चारुलताने माझ्यावरची नावं वरपासून खालपर्यंत बघितली. मग तिने नवऱ्याला फोन लावला. "मयुरेश, तिकीट रद्द कर," एवढंच म्हणाली आणि पदराला, छे, ओढणीला डोळे पुसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका फळकुटापायी लेकीला आई मिळू नये?

मित्रांनो, तुम्ही मला पुसता, पॉलिश करता. उपकार आहेत तुमचे. पण आता तो मथळा खरवडून काढा. जे इथे वाढले, ते सगळे इथले, एवढं लिहा. आणि जरा घाई करा. आठवा लागला की चारुलताला विमानात बसू देणार नाहीत.