कुंदनच्या सायकलची चेन

माझ्या नवऱ्याने, कुंदनने, सायकलच्या चेनला जन्मात कधी तेल घातलं नाही. ओझरला कारखान्यात दिवसभर यंत्रांना वंगण घालणारा माणूस, पण स्वतःची सायकल जानोरीच्या वळणावर आली की अशी करकरायची की झोपलेली कुत्री उठून बसायची. मी किती डोकं फोडलं! तो म्हणायचा, "तेल घातलं तर आईला कळणार कसं?" त्या करकरीवरच आमच्या घरातला तवा चालायचा. चेन वळणावर वाजली की सासूबाई भाकरी थापायला घ्यायच्या. तो हातपाय धुऊन बसेपर्यंत पहिली भाकरी टम्म फुगलेली असायची. मायलेकांचं गुळपीठ होतं ते, तिथे मला विचारतो कोण?

गेल्या गणपतीत तो कारखान्यातच छातीत कळ येऊन पडला आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेला. सायकल मागाहून त्याच्या मित्राने टेम्पोत घालून आणून दिली. टेम्पोतून आलेली सायकल वाजणार कशी? मी तेव्हा याचा विचारही केला नाही. आईंनी मात्र केला असावा.

दिवाळीनंतर मला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम लागलं. चालत जायचं म्हणजे पायांचे तुकडे, म्हणून मी सरळ कुंदनची दांडीची सायकल काढली. गावाने नाकं मुरडली, ती मुरडू दिली. पहिल्या संध्याकाळी वळणावर चेन वाजली आणि मी फाटकाशी आले, तर आई दारात उभ्या. हाताला पीठ आणि तोंडभर हसू. तो गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलंच नव्हतं. मग त्यांनी मला पाहिलं.

"तू व्हय," म्हणाल्या आणि आत गेल्या. तव्यावर भाकरी फुगली होती. ती मी खाल्ली.

मग हे रोजचंच झालं. सायकल माझ्याकडे आहे हे त्यांना ठाऊक होतं, सकाळी माझा डबा त्याच भरायच्या. पण आवाज कानावर पडला की ठाऊक असलेलं सगळं पुसलं जायचं. वळणापासून फाटकापर्यंत तो जिवंत असायचा आणि फाटकात मी त्याला मारायचे. मला ते सोसेना. दमून आल्यावर "आलीस का" एवढं कुणी म्हणावं, याहून मला जास्त काही नको होतं. पण माझं तोंड दिसलं की त्यांचं हसू जायचं.

सुट्टीच्या दिवशी एसटीने नाशकात गेले. दिंडोरी नाक्याजवळ वाल्मीक नावाच्या माणसाचं सायकलचं दुकान आहे. त्याने माझ्यापुढे दोन बाटल्या ठेवल्या.

"हे घट्ट, पावसाळ्याचं. पाण्यात टिकतं, पण धूळ धरून ठेवतं. मळ्याच्या रस्त्यावर चार दिवसांत चेनची काजळी होईल. आणि हे मेणाचं. वाळलं की कोरडं होतं, धूळ चिकटत नाही. फक्त वरचेवर घालावं लागतं."

"शिलाई मशीनचं तेल नाही का चालणार?"

"चालेल की. थोडे दिवस गप्प बसेल. तुम्हाला किती दिवस गप्प करायचीय?"

"कायमची."

"कायमची गप्प कुठली चेन बसते, ताई?" तो हसला आणि मेणाची बाटली कागदात गुंडाळून दिली. आधी जुनी घाण काढा, थेंब कडीच्या आत जाऊ द्या, वरून माखू नका, रात्रभर सुकू द्या, मग फडक्याने पुसा, असं सगळं त्याने बजावलं.

दुपारी अंगणात सायकल उलटी करून बसले. आई ओट्यावरून बघत होत्या. मी चेन घासत गेले तसं फडकं काळंकुट्ट झालं. ते टाकायला निघाले, तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"फेकू नको. त्याच्या रस्त्याची माती हाय ती."

मी चिडले. हात आणखी जोरात चालू लागला. एकेका कडीवर थेंब सोडत पॅडल उलटं फिरवत गेले. आधी करकर, मग बारीक चिरचिर, मग नुसतीच चेन फिरतेय. आई उठून आत निघून गेल्या.

दुसऱ्या संध्याकाळी मी अलगद फाटकात शिरले. आई तांदूळ निवडत होत्या, दचकल्याच. "अगं बाई, कव्हा आली? बस, च्या ठिवते." मला इतकं बरं वाटलं की चुलीजवळ बसून मी उगाचच पॅकहाऊसमधल्या गप्पा सांगत राहिले. चार-सहा दिवस असेच सुखाचे गेले.

मग एका संध्याकाळी माझा चहा चालू असताना आईंनी मान तिरकी केली. उठल्या आणि परातीत पीठ घेतलं.

"इतक्यात भाकरी?"

"वळणावर आलाय."

"कोण?"

त्यांनी मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. "तू तर घरात हाय."

आजवर तो आवाज फाटकात येऊन माझा व्हायचा. रडवायचा, पण खोटा ठरायचा. आता त्याला खोटं ठरवायला फाटकात कुणीच येत नव्हतं. आई हसत होत्या आणि ते हसू विझत नव्हतं. त्यांनी भाकरी झाकून ठेवली आणि तो जेवल्याशिवाय जेवणार नाही म्हणाल्या. मी रागावले, रडले, पाया पडले. दर संध्याकाळी तेच. त्यांच्या गळ्याची हाडं वर आली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

शेवटी मी शेजाऱ्यांच्या गाडीतलं पेट्रोल मागून आणलं. चेन त्यात बुडवून ब्रशने घासली, भांड्याच्या साबणाने धुतली, मेणाचा कण ठेवला नाही. वर मळ्याच्या रस्त्याची धूळ तिला मनसोक्त खाऊ घातली. एक दिवस घरी येताना ती पुन्हा बोंबलू लागली. वळणावर मी मुद्दाम जोरजोरात पॅडल मारलं. आज त्यांचं हसू विझू दे, शिव्या देऊ देत, पण माझ्याबरोबर बसून चार घास खाऊ देत.

आई फाटकातच होत्या, हाताला पीठ. मी सायकल थांबवून उतरले.

"मी आहे, आई. मीच वाजत होते."

"हां गं, तुझी बी वाजती," त्या म्हणाल्या. त्यांचं लक्ष माझ्या खांद्यावरून वळणाकडे होतं. "सरक बाजूला. तो मागून येतोय."

रस्ता रिकामा होता. माझी चेन गप्प होती. आई कान देऊन ऐकत होत्या आणि आवाज जवळ जवळ येत असल्यासारखं त्यांचं तोंड उजळत होतं. मला भीती वाटायला हवी होती, पण आला तो राग, आणि तो कुंदनचा. बायको मी त्याची. रोज त्याच रस्त्याने, त्याच्याच सायकलवरून येते. मग मला एकदाही ऐकू येऊ नये?

मी सायकल भिंतीला लावली, फाटक पुरतं उघडलं आणि श्वास रोखून आईंच्या शेजारी उभी राहिले.