नूमा दुसऱ्यांदा गेला

"नूमा गेला," यूलाली दारातूनच म्हणाली.

अल्सीद फोर्तिने थापीवरचा वाळलेला गिलावा खरवडत बसला होता. सदुसष्टाव्या वर्षीही भिंतींना गिलावा करून पोट भरणारा माणूस. त्याने मान वर केली नाही.

"तो जाऊन एकतीस वर्षं झाली की."

"तसा नाही रे. खरा गेला. मेला."

त्रेमे या काळ्यांच्या वस्तीत 'गेला' या शब्दाचे दोन अर्थ. एक सगळ्या जगात असतो तो. दुसरा म्हणजे गोऱ्यांत गेला. कातडी उजळ, केस मऊ, असा एखादा भाऊ एका सकाळी कनाल रस्ता ओलांडून पलीकडे जायचा, गोरा म्हणून नोकरी धरायचा, गोरी बायको करायचा आणि मग आईच्या मयतालाही फिरकायचा नाही. वस्तीत त्याला कुणी शिव्या देत नसे. शिव्या द्यायच्याच तर त्या कायद्याला द्याव्यात, जो पणजीच्या रक्ताचे थेंब मोजतो आणि ट्राममध्ये गोऱ्या-काळ्यांच्या बाकांमधली लाकडी पाटी पुढेमागे सरकवून माणसं कुठे संपतात ते ठरवतो.

नूमा दोलियोल जाण्याआधी वस्तीतल्या मयत-मंडळाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचा. गेल्यावर त्याने ती हातात धरली नाही. धरली असती तर दोन सुरांत पकडला गेला असता. तसं रडताना हसल्यासारखं वाजवणं तेव्हा पलीकडे कुणाला येत नव्हतं. आता तिकडे त्याला जाझ म्हणतात, तिकीट लावतात, आणि वाजवणाऱ्याच्या बायकोला त्या दारातून आत सोडत नाहीत.

नूमा बुटांच्या दुकानात विक्रेता झाला. यूलाली एकदा तिथे गेली होती. वस्तीतल्या बायकांना तिथे बूट पायात घालून बघायची मुभा नाही. कागदावर पाऊल काढून न्यायचं. नूमाने कागद घेतला, बहिणीकडे परक्यासारखं बघितलं, आणि मापापेक्षा एक नंबर मोठा जोड आणून ठेवला. तिच्या अंगठ्याजवळ हाडाची गाठ होती. कागदावर ती दिसत नाही. एकतीस वर्षांत भावाबहिणीचं बोलणं झालं ते एवढंच.

"मला त्याच्यासाठी बँड पाहिजे," यूलाली म्हणाली.

"त्याच्या दारात?"

"डोकं फिरलंय का तुझं? त्याचा पोरगा कॉलेजात आहे, पोरीचं लग्न ठरलंय. कुणी एक बोट दाखवलं की दोघं दुपारच्या आत काळी होतील."

"मग वाजवायचं कुठे?"

"ते तू बघ. म्होरक्या तू आहेस. मंडळात त्याचं नाव आहे का नाही?"

नाव होतं. मेल्याशिवाय मंडळ कुणाचं नाव यादीतून खोडत नाही, आणि नाव असेल त्याला वाजवत पोचवतंच. अल्सीदला 'हो' म्हणावं लागलं. कशाला हो म्हटलं, ते मात्र त्याला कळेना.

सोमवारी सकाळी बँड मंडळाच्या दारात जमला. घराघरांतून लाल राजम्याचा वास येत होता. पर्सी ट्रम्पेटवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"मढं नाही?"

"नाही."

"अरे, मग सोडायचं काय?"

त्याचंही खरं होतं. मयताला आधी संथ वाजवतात, ड्रमच्या तारांखाली रुमाल खुपसून, दबक्या आवाजात. मग एका वळणावर म्होरक्या खूण करतो, रांगा दोन बाजूंना सरतात आणि मधून शववाहिका पुढे निघून जाते. म्हणतात, देह सोडला. त्यानंतरच रुमाल निघतो आणि नाचरी चाल सुरू होते. देह सोडल्याशिवाय नाचलं, तर तो मेलेल्याचा अपमान.

"आणि सोडलाच नाही तर? संध्याकाळपर्यंत रडत फिरायचं?" पर्सी म्हणाला. "माझे ओठ काय चामड्याचे आहेत?"

"मी खूण करीन."

"कधी?"

"करीन म्हटलं ना!"

डूडू ड्रमवाला अल्सीदचा धर्मपुत्र, बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच हातात धरलेला. त्याने धर्मबापाला हळूच विचारलं, "पारें, तुम्हाला तरी माहितीये का?"

"गप वाजव."

निघाले. पुढे अल्सीद, छातीवर पट्टा, काळी गोल टोपी हातात, एकेक पाऊल ओढत. मागे बँड, बँडमागे काळ्या कपड्यांत एकटी यूलाली. वस्तीतली माणसं ओसरीवर आली, मागे चालू लागली.

"कोण गेलं हो?"

"सभासद," अल्सीद म्हणाला.

"कोणता सभासद?"

"जुना."

एवढ्यावर वस्तीने पुढच्या दोन चौकांत चार माणसं मारली. त्यातला एक, म्हातारा ऑनोरे, स्वतः दारात उभा होता. तो भडकला. "मी जिवंत आहे रे हरामखोरांनो!"

"मग आत जा, गोंधळ वाढवू नकोस," मागून कुणीतरी ओरडलं.

नूमा जन्मला त्या घरापाशी अल्सीद थांबला. इथे खूण करावी का? पण इथून तर तो आला होता, जायचं कसं? वाजवायला शिकला त्या गल्लीत पुन्हा थांबला. तिथेही हात उठेना. चौथी संथ चाल संपली, पाचवी सुरू झाली. गर्दी कुरकुरायला लागली. पर्सीने ट्रम्पेट काढून लाल ओठ दाखवले.

"उजवीकडे," यूलाली मागून म्हणाली.

"उजवीकडे एस्प्लनेड रस्ता आहे."

"मला माहितीये."

तेव्हा त्याला कळलं. गोऱ्यांच्या शववाहिका त्याच रस्त्याने दफनभूमीकडे जातात. "किती वाजता निघणार?" त्याने विचारलं.

"अकराला, असं त्यांच्या शेजारची मोलकरीण म्हणाली."

ते एस्प्लनेडवर पोचले, रस्ता अडवून उभे राहिले आणि खरोखरच झाडांखालून एक काळी गाडी संथपणे येताना दिसली. मागे पाच मोटारी. गाडी थांबली. चालकाने भोंगा वाजवला.

अल्सीदने गाडीत डोकावलं. हा तोच का? काचेतून नुसती फुलं दिसत होती. त्याने टोपी छातीशी धरली, दुसरा हात बाजूला केला. रांगा फाकल्या. भोंग्यामुळे बाजूला झाल्यासारख्या, पाहणाऱ्याला दुसरं काही वाटलंच नसतं. गाडी मधून गेली, मागोमाग मोटारीही. डूडूने रुमालाला हात घातला.

"थांब!" पर्सी ओरडला. "मागे अजून एक आहे."

खरंच होती. पहिलीसारखीच काळी, पहिलीसारखीच फुलांनी भरलेली.

"यूलाली, कोणती?" अल्सीदने विचारलं.

"मला काय विचारतोस? एकतीस वर्षांत त्याचं दारही पाहिलं नाही मी."

"मग चुकीचा सोडला असला तर?"

"तर यालाही सोड."

रांगा पुन्हा फाकल्या. दुसरी गाडी गेली. तिच्यामागच्या पहिल्या मोटारीतल्या एका तरुणाने गर्दीकडे पाहिलं, कंटाळल्यासारखी काच वर केली, आणि मोटार निघून गेली. त्याचा चेहरा कुणासारखा होता, ते अल्सीदला सांगता आलं नसतं. यूलाली त्या बंद काचेकडे, ती झाडांआड जाईपर्यंत, पाहत राहिली. तिने हात हलवला नाही, नाव घेतलं नाही.

"वाजवा," ती म्हणाली.

"तुला कळलं? यात होता?"

"नाही कळलं."

"मग?"

"तिसरी आली तर तिलाही सोडू. पण वाजवा आता. बिचारा कुठवर वाट बघेल?"

डूडूने रुमाल ओढला. ड्रम कडाडला. मागची गर्दी, कोण मेलं ते शेवटपर्यंत न कळता, नाचायला लागली. पण बँडपुढे पहिलं पाऊल म्होरक्यानेच टाकायचं असतं. अल्सीद टोपी घालून रस्त्याच्या मधोमध उभा होता. बँड त्याला ढकलत होता, आणि तो मान वळवून पाहत होता की मागून आणखी एखादी गाडी तर येत नाही.