पूर्ण नावानं

माउसच्या पोटातून काढलेली रबरी गोळी तळहातावर घेतली, की ती नेहमी वाटते त्यापेक्षा जड निघते — आणि आज तिच्यावर पोरांच्या बोटांचा, खडूचा, कुणाच्या तरी वड्याच्या तेलाचा मळ असा चिकटून बसला होता की संघप्रियाला तो नखानं खरवडावा लागत होता. प्रात्यक्षिकाला अजून अवकाश होता. संगणकाच्या प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. मेल उघडून बघायला काहीच हरकत नव्हती, आणि म्हणूनच ती बघत नव्हती. आधी हा माउस, मग त्याच्या पलीकडचा, मग...

सकाळी बुद्धभूषणनं बूट बांधता बांधता विचारलं होतं, “आलं काय उत्तर?”

“न्हाय.”

“मग जुन्या नावानं पाठव की परत. काम झाल्याशी मतलब.” आणि कागलच्या एमआयडीसीची बस चुकेल म्हणून तो पळत गेला होता. नवरा काळजीनं बोलला होता. टोचून बोलला असता तर बरं झालं असतं, दिवसभर त्याच्यावर रागावता आलं असतं. काळजीनं बोललेलं कुठं ठेवायचं?

जुनं नाव म्हणजे एस. डी. कांबळे. तंत्रनिकेतनातल्या या खोलीत सहायक म्हणून लागल्यापासून, फावल्या वेळात, ती एका मुक्त सॉफ्टवेअरसाठी काम करत आली होती — मजकूर लिहायचं सॉफ्टवेअर, कुणीही फुकट घ्यावं, उघडून आत बघावं, चुकलेलं दुरुस्त करून परत पाठवावं. जगभरातली माणसं एका मेलिंग लिस्टवर जमायची, एकानं लिहिलेली मेल सगळ्यांना जायची. त्यांचे चेहरे दिसत नसत, आवाज ऐकू येत नसत, फक्त काम दिसायचं. तिला तेच आवडलं होतं. दुरुस्ती पाठवली की दुसऱ्या दिवशी कुणी ना कुणी लिहायचं — थँक्स भाई. ग्रेट वर्क, सर. पहिल्यांदा ती एकटीच हसली होती. मग सवय झाली. मग ते ‘भाई’ अंगातल्या जुन्या स्वेटरसारखं उबदार वाटायला लागलं, आणि हे तिनं रूपालीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

रूपाली तिची वसतिगृहातली मैत्रीण, आजऱ्याची, आता बंगळूरच्या कंपनीत. तिनं त्याच लिस्टवर सरळ विचारलं होतं, इथं बायका एवढ्या कमी का? आणि रात्रभर चाललेल्या त्या वादात एकही शब्द न लिहिलेल्या एस. डी. कांबळेला दुसऱ्या दिवशी फोन केला होता.

“लपून किती दिवस करणार गं? माझ्यामागं कुणी हाय का बघाया वळले, तर तू दाराआड! पुढच्या पोरीनं कुणाकडं बघायचं? पूर्ण नावानं पाठव की.”

पाठवली. दुरुस्ती छोटी होती. ‘दऱ्या’ लिहिलं की छापताना ‘दर्या’ व्हायचं. दऱ्यांचा समुद्र व्हायचा. ते तिनं नीट केलं, मेलचा नवा पत्ता काढला, खाली लिहिलं, संघप्रिया कांबळे, आणि पाठवलं. त्याला आठवडा झाला. कुणी काही बोललं नव्हतं.

कारणं तिनं स्वतःच शोधून दिली होती, वकिलासारखी. सुट्ट्या असतील. नवी आवृत्ती निघायचीय, गडबड असेल. कामच वाईट असेल... हे सगळ्यात वाईट, आणि तरी मनात कुठंतरी हेच असू दे असं वाटत होतं. कारण वाईट काम सुधारता येतं. नाव काय सुधारणार? आणि नावात तरी नेमकं काय खुपलं असेल — ‘प्रिया’, की ‘संघ’? आडनाव तर पहिल्यापासून होतंच. परदेशातल्यांना काय कळतंय त्यातलं. पण लिस्टवर पुण्याचे होते, नागपूरचे होते... की मीच वेडी आहे, कुणाच्या मनातही नसलेलं त्यांच्या मनात घालणारी? कुणी तोंडावर बोललं असतं तर भांडता आलं असतं. गप्प बसलेल्याशी कसं भांडायचं?

शाळेत गुरुजींनी हजेरीला तिचं नाव अर्धं करून टाकलं होतं. ‘एवढं लांबलचक कशाला? प्रिया बास.’ वर्षभर ती प्रिया होती, आणि खूश होती, कारण हजेरीत तिच्या नावाआधी होणारा तो क्षणभराचा थांबा बंद झाला होता. मग वडील शाळेत आले. खिडकीतून सगळा वर्ग बघत होता. वडिलांनी आवाज चढवला नाही, नुसते दारात उभे राहिले, नाव पूर्ण लिहिलं जाईपर्यंत. ती त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलली नव्हती...

तिनं मेल उघडली. काही नव्हतं.

मग अगदी सहज, जणू दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसं, तिनं जुना पत्ता उघडला आणि लिहायला लागली. सोबत तीच दुरुस्ती जोडली आहे. कृपया पाहावी. एस. डी. —

“मॅडम, आत येऊ?”

शेवटच्या वर्षाची स्नेहल होती. संघप्रियानं संगणकाचा पडदा तिरका केला.

“प्रकल्पाचं विचारायचं हुतं. तुम्ही त्या लिस्टचं सांगितलं हुतं न्हवं? त्यात करीन म्हणते.” स्नेहल ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. “पण तिथं पोरी असत्यात काय? आण्णा म्हणत्यात, परक्या माणसांना मेल कशाला करायचं.”

नको येऊ, असं तिच्या अगदी ओठावर आलं. इथं एवढ्यात नको. आधी मला कळू दे.

“थोड्या आहेत,” ती म्हणाली. “मी हाय की.”

“तुमच्या नावानं?”

“व्हय. माझ्याच.”

“आणि उत्तर देत्यात?”

“कधी देतात. कधी नाही देत.”

“मग काय करता?”

स्नेहल खरंच विचारत होती. काही उत्तर हवं होतं तिला, रात्री आण्णांना सांगण्यासारखं.

“परत विचारते,” संघप्रिया म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला कळलं की आजवर तिनं असं एकदाही केलेलं नाही.

स्नेहल जागेवर जाऊन बसली तेव्हा तिनं एस. डी.चं लिहिलेलं पुसलं, आणि नव्या पत्त्यावरून एकच ओळ पाठवली — माझी दुरुस्ती कुणी पाहिली का? खाली पूर्ण नाव. मग प्रात्यक्षिक सुरू झालं. तिनं कुणाची तार घट्ट केली, कुणाचा अडकलेला संगणक पुन्हा सुरू केला, आणि मध्येमध्ये येऊन मेल उघडून बघितली.

उत्तर दुपारी आलं, लिस्टवरच्या एका जुन्या माणसाचं. नमस्कार नाही, आभार नाहीत. राहून गेलं होतं, एवढं सुरुवातीला. मग दोन मुद्दे. नेपाळीतही हा ‘दऱ्या’तला अर्धा र असतो, पण तो वेगळ्या तऱ्हेनं टाइप करतात; तपासलं का? आणि दुसरं: मराठीला हा वेगळा र खरंच लागतो का, साध्या रफारानं भागणार नाही?

तिनं ते कितीदा तरी वाचलं. हा माणूस एस. डी.शी असाच बोलायचा का? त्याची जुनी उत्तरं काढली. दोनतीन इतकीच कोरडी होती. बाकीच्यांत ‘भाई’ होता. यावरून काय ठरवायचं? काहीच ठरेना.

नेपाळी मात्र तिनं तपासलं नव्हतं. ते त्याचं खरं होतं. आणि दुसरं साफ चूक होतं. तिनं लिहिलं — पहिला मुद्दा बरोबर, करून पाठवते. दुसरा मान्य नाही. बोटं थांबली. एस. डी. कांबळेनं इतक्या दिवसांत कुणाला ‘मान्य नाही’ म्हटलं नव्हतं. भाईची ऊब जाईल म्हणून? तिनं दऱ्या आणि दर्या शेजारी शेजारी लिहून दाखवलं, आणि पाठवून दिलं.

संध्याकाळी बस शिवाजी पेठेतून जात होती. फुटबॉलचा सामना जिंकलेली पोरं रस्ता अडवून नाचत होती, कंडक्टर ओरडत होता, आणि संघप्रिया खिडकीला डोकं टेकून नेपाळीतला तो र कुठं कुठं येत असेल याचा विचार करत होती — जोडून आला तर, ओळीच्या शेवटी आला तर — आणि मध्येच, त्याच ओघात, त्यानं आभार का मानले नाहीत हेही येत होतं, जात होतं, पुन्हा येत होतं. छातीतली धडधड सकाळसारखीच होती. पण ती कशाची, हे कुणी विचारलं असतं तर तिला आता पटकन सांगता आलं नसतं.