गोड पाय

पेडलचं रबर एका कडेला झिजलेलं होतं — जिथं शाळेचे जुने मास्तर आबा यांच्या चपलेचा अंगठा इतकी वर्षं टेकत आला होता, बरोबर तिथं — आणि त्या झिजलेल्या जागेतून आतलं लोखंड दिसत होतं, घासून घासून पांढरं पडलेलं. सुनिता त्याच्याकडे बघत बसली होती. गाडी बंद होती. शेजारी, ड्रायव्हरच्या सीटवर, कुणी नव्हतं. समोर कर्जतच्या बाहेरचं मैदान, त्यावर फक्कीनं आखलेले पट्टे, पलीकडे कापणी झालेली भाताची खाचरं, आणि तिच्या पायाशी हा दुसरा ब्रेक — शिकवणीच्या गाडीत डाव्या सीटखाली असतो तो, शिकवणाऱ्याचा. गाडी उभी, चावी तिच्याच पर्समध्ये, तरी तिचा उजवा पाय त्या पेडलवर तरंगत होता. तिनं तो खाली घेतला. जरा वेळानं बघते तर पुन्हा वर.

हे असं हल्ली सगळीकडे व्हायला लागलं होतं. रिक्षात मागे बसलं की पाय पत्र्यावर दाबला जायचा. एसटीत समोरच्या बाईच्या टाचेला लागून शिव्या खाऊन झाल्या होत्या. काल नवरा कांदा चिरत होता, सुरी बोटाच्या अगदी जवळ आली आणि माझा पाय फरशीवर असा काही दाबला गेला की पोटरीत कळ आली. तो हसला. म्हणाला, “लागला का ब्रेक?” हसण्यासारखंच होतं, मीही हसले. पण रात्री अंथरुणात तोच पाय ताठ झाला, एकटाच, जणू माझा नव्हेच... आणि मला भीती वाटली. कशाची, ते मात्र सांगता आलं नसतं.

आज परीक्षा होती. शिकाऊ लोकांची नव्हे, तिची. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा कोर्स झाला होता, खोपोलीच्या बाजूला कामगारांची गाडी पाच वर्षं चालवून झाली होती, आणि आता आरटीओचे साहेब मागच्या सीटवर बसून बघणार होते की ही बाई दुसऱ्याला शिकवू शकते का. पास झाली की ड्रायव्हिंग शाळेच्या परवान्यावर तिचं नाव चढणार, आबांची ही डावी सीट तिची होणार. आबांचा गुडघा गेला होता. शाळेचे मालक तर कधीपासून घाई करत होते, कारण बायका आबांच्या गाडीत बसायला तयार नसत. आबांचा ब्रेक म्हणजे धक्का! शिकणारा चुकला की आबा पेडल असं हाणायचे की त्याचं कपाळ काचेला लागता लागता राहायचं. वर ओरडायचे, “कुनी लावला? तू लावला का मी लावला?” घरी गेल्यावर माणसं मान चोळत बसायची, आबांना नावं ठेवायची.

सुनिताचं तसं नव्हतं. तिचा पाय हलका होता. समोर वळण दिसलं, गतिरोधक आला, म्हैस आडवी आली, की ती बोलता बोलता पेडल जरासं दाबायची, दुधावरची साय बाजूला करावी तसं, आणि गाडी आपसूक मंद व्हायची. शिकणारीला कळायचंही नाही. ती खूश, सुनिता खूश, मालक तर फारच खूश. बायकांची रांग लागली होती. सुरुवातीच्या दिवसांत आबा मागच्या सीटवर बसून तिचं शिकवणं बघायचे. एकदा उतरताना तिच्या पायाकडे बघत म्हणाले होते, “तुजा पाय लई गोड हाय गं.”

तिनं ते कौतुक धरलं होतं. घरी जाऊन सांगितलंही होतं. पण ते म्हणताना आबा हसले नव्हते... हे तिला आज का आठवावं?

सकाळी आईचा फोन आला होता, पोशीरहून, हिरूच्या फोनवरून. “आमी निगतो गं जरा येळानं,” आई सांगत होती. “खालापूरला मावशीकडं हळद हाय ना, हिरूच नेते मला. धाकल्या जावईबापूंची पाळी हाय कंपनीत, तवा आमी दोगीच.” मागून हिरू ओरडली, “ताई, मी एकटी नेते आईला! पास होऊन ये गं डायरेक्ट हळदीला!” आणि आई पुढं म्हणाली, “मी कशाला भिऊ? हिरूच्या गाडीत बसलं का पोटातलं पानी हलत नाय. डोळाच लागतो माजा.”

हिरू, तिची धाकटी बहीण. शिकवायचा सराव करायला कुणीतरी हवं म्हणून सुनितानं हिलाच बसवलं होतं, ह्याच गाडीत, आणि रोज आई हौसेनं मागं बसायची. नेरळचा रस्ता, पोशीरची वळणं. आई खरंच पेंगायची. हिरू मान ताठ करून, ओठ घट्ट मिटून गाडी हाकायची आणि काय सुंदर हाकायची! परीक्षा तर फटक्यात पास झाली. आता त्या परीक्षेत दुसऱ्या गेअरच्या वर जावंच लागत नाही, ही गोष्ट वेगळी. जुनी पांढरी गाडी हिरूच्या दारात येऊन उभी राहिली, तिला हार घातला, देवळापर्यंत एक फेरी झाली. आणि आज थेट खालापूर.

मग त्यात एवढं काय? माणसं शिकतात, चालवतात. मी सगळं व्यवस्थित शिकवलंय.

साहेब आले. तरुण, इस्त्रीचे कपडे, घामानं वैतागलेले. त्यांच्यामागून वनिता आली, शिकणारी, भिवपुरीच्या पतपेढीत कामाला असलेली, सुनिताची सगळ्यात शहाणी विद्यार्थिनी. हिलाच आज चालवायला आणायचं असं ठरलं होतं, कारण हिच्याकडून चूक म्हणून व्हायची नाही. आबा लंगडत आले आणि मैदानाच्या कडेला झाडाखाली उभे राहिले.

गाडी रस्त्याला लागली तेव्हा साहेब मागून म्हणाले, “बाई, पाय मागे घ्या.”

“साहेब?”

“दोन्ही पाय. सीटखाली. तो ब्रेक तुम्ही आज वापरायचा नाही. तोंडानं शिकवा.”

तिनं पाय मागे ओढले. विहिरीच्या कठड्यावरून हात काढून घ्यावा तसं वाटलं. वनितानं सफाईनं दुसरा गेअर टाकला, तिसरा टाकला, आरशात बघितलं. सगळं अगदी पुस्तकात असतं तसं. पुढं मोरी होती, मोरीवर रस्ता अरुंद, आणि तिथंच पेंढ्याचा टेंपो उभा होता, आडवा, मागून पेंढा लोंबणारा. लांब होता अजून. वनिताला दिसत होता. तिच्या चेहऱ्यावर काळजीची रेघसुद्धा नव्हती, कशी असेल, रोजच तर असं काहीतरी पुढ्यात येतं आणि... टेंपो जवळ आला. आणखी जवळ आला. वनिता दोन्ही हातांनी चाक धरून शांत बसली होती, वाट बघत. सुनिताला त्या एका क्षणात दिसलं की ती वाट बघतेय. देवळात हात जोडून उभं राहिलेल्या माणसाचा असतो तसा विश्वासाचा चेहरा. आणि सीटखाली माझा पाय माझ्याच दुसऱ्या पायानं दाबून धरला होता, आणि तोंड — तोंडाला तर सवयच नव्हती—

“ब्रेक! वनिता, ब्रेक!”

गाडी ओरडत, तिरकी होत थांबली. पेंढ्याच्या काड्या काचेवर आल्या. साहेबांचा हात समोरच्या सीटवर आपटला होता. वनिताच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा फसवणूक झाल्यासारखं काहीतरी होतं.

“म्याडम,” ती म्हणाली, “रोज तर अशा वेळी गाडी आपोआप हळू व्हायची ना?”

मग साहेब मनगट चोळत म्हणाले, “वेळेवर ओरडलात, बाई. तेच बघायचं होतं. झालं तुमचं काम.” पास. इतक्या साध्या शब्दांत. ह्यासाठी मी वर्षभर जीव आटवला, आणि आता ते शब्द कानावरून गेले नुसते, कारण कानात दुसरंच घुमत होतं — आपोआप हळू व्हायची, आपोआप हळू व्हायची. हिरूची मान, ताठ. मागं पेंगणारी आई. पोटातलं पाणी हलत नाही. हलणार कसं? तो पाय हिरूचा नव्हताच कधी. मी माझ्या बहिणीला स्टेअरिंग फिरवायला शिकवलं, गेअर टाकायला शिकवलं, आरसा बघायला शिकवलं, आणि थांबायचं तेवढं माझ्याकडे ठेवून घेतलं.

गाडी मैदानावर परत आली. साहेबांनी अभिनंदन केलं, तिनं मान हलवली, आणि बाजूला जाऊन हिरूला फोन लावला. पहिल्याच रिंगला हिरूनं उचलला.

“झालीस पास?”

“कुठं आहात तुम्ही?”

“चौक गावच्या रस्त्याला. उताराच्या वर चा प्यायला थांबलोय. ताई, ह्या गाडीला कायतरी झालंय बग. शाळेच्या गाडीसारकी मंद होत नाय गं ही. मगाशी एका सायकलवाल्याला कट मारून गेले. जुनी हाय म्हनून असंल का?”

सांगायचं. आत्ताच सांगायचं. पण काय सांगू? की तुला ब्रेक लावताच येत नाही? उताराच्या तोंडावर उभ्या असलेल्या बाईला? घाबरली की हिरूचे हातपाय गळतात, लहानपणापासून... आणि नाही सांगितलं तर?

“हिरू, तिथंच थांब. मी येते. आबांना घेऊन येते.”

हिरू हसली. “खुळी का तू? हळद लागंल तवर. उतार तर हाय नुसता. उताराला गाडी आपली आपन जाते!”

“हिरू, ऐक माझं...”

हिरूनं फोन ठेवला होता. तिनं पुन्हा लावला, पुन्हा लावला. रिंग जात राहिली. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे मात्र तिनं हिरूला नीट शिकवलं होतं.

ती वळली तर आबा झाडाखालून तिच्याकडेच येत होते. वनितानं त्यांना सांगितलं असावं, किंवा त्यांना सांगावं लागलंच नसेल.

“आबा, तुम्हाला माहीत होतं.”

“मी बोल्लो व्हतो गं तुला,” आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “गोड पाय वाईट. मानूस शिकत नाय, लाडावतो. बस गाडीत. चावी दे. मी हाकतो.”

चौकच्या रस्त्याला ते लागले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. दुखऱ्या गुडघ्यानिशी आबा चालवत होते आणि ती डावीकडे, तिच्या नव्या हक्काच्या सीटवर. मालकांचा फोन वाजून गेला, पेढ्यांचं विचारायला असेल. समोरून गाड्या येत होत्या, नेहमीसारख्या, त्यातलं कुणी हात दाखवत नव्हतं, पुढं काही झालंय असं कुणी सांगत नव्हतं. पुढं कुठंतरी, ह्याच रस्त्यावर, दोन वळणं पुढं किंवा दहा, एक पांढरी गाडी उतारावरून चालली होती, आई पेंगत होती, आणि हिरू मान ताठ करून वाट बघत होती — की आता मंद होईल, आता होईल.

पहिलं वळण आलं. सुनिताचा पाय उचलला गेला, पेडलवर गेला, तरंगला. तिनं तो ओढून सीटखाली घेतला आणि दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले. इथून दाबून काय उपयोग होता?

“ब्रेक,” ती म्हणाली. हळूच. “हिरू, ब्रेक.”

आबांनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांनी ब्रेक दाबला, गाडी मंद झाली, वळण गेलं. पुढं उतार सुरू झाला, एका बाजूला डोंगर, एका बाजूला नुसतं आभाळ, आणि तिनं पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं, “ब्रेक, हिरू.” आबांनी पुन्हा दाबला. मग ती थांबलीच नाही. प्रत्येक वळणाला, प्रत्येक खड्ड्याला, रिकाम्या सरळ रस्त्यालासुद्धा ती म्हणत राहिली, आवाज चढत गेला. इतके महिने पायानं गिळून टाकलेला तो एक शब्द आता तोंडातून सुटत होता, आणि तो ऐकायला गाडीत फक्त आबा होते, ज्यांना तो शिकवायची गरज नव्हती.