हातांची थरथर

यांच्या हातांची थरथर थांबली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला होता. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाचेच हात थरथरू लागले तर त्याने करायचं काय? मुंगीच्या डोक्याएवढे ते स्क्रू. सारखे चिमट्यातून निसटायचे आणि आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी दुकानाच्या फरशीवर रांगत शोधायचो.

सगळं त्या गोळ्यांमुळे. त्याआधी यांचं डोकं दुखायचं, कंगवा लागला तरी कानशील ठणकायचं, घास चावताना जबडा भरून यायचा. डॉक्टर म्हणाले, कानशिलाजवळची रक्तवाहिनी सुजली आहे. ही सूज डोळ्याचा रक्तपुरवठा तोडू शकते आणि अशी गेलेली नजर परत येत नाही. त्यांनी त्याच दिवशी स्टिरॉईडच्या गोळ्या सुरू केल्या आणि बजावलं, की कितीही बरं वाटलं तरी आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. दुखणं लगेच पळालं. पण यांचा चेहरा फुगला, भूक खवळली, झोप उडाली. राग मुळात नाकावर होताच, तो आणखी वर चढला. आणि वर ही थरथर.

आता हात स्थिर झाले होते, चेहऱ्याची सूजही उतरली होती. माणूस माणसात आला म्हणायचा. आरशासमोर जरा कमी उभे राहत जा, अशी चेष्टाही मी करून घेतली.

आज सकाळी मात्र केस विंचरता विंचरता यांनी कंगवा मध्येच खाली ठेवला. नंतर खातानाही एकाच बाजूने, हळूहळू चावत होते. हातातलं काम टाकून मी यांच्यामागे दुकानात गेले. गोळ्या घेताय ना, म्हणून विचारलं. आधी ताकास तूर लागू दिली नाही. मी हटत नाही म्हटल्यावर मान खाली घालून बोलले.

"केव्हाच बंद केल्यात. हात असे नाचत असले तर घड्याळ कोण देईल माझ्याकडे?"

"आणि डोळे गेले म्हणजे?"

"डोळे ठणठणीत आहेत. रोज तपासतो ना मी. वेडा आहे का?"

रोज तपासतो म्हणजे, कामाला बसलं की भिंगातून चाकाचे दाते मोजायचे. सगळे नीट दिसले की काळजी मिटली. करूनही दाखवलं. उजव्या डोळ्यात भिंग बसवलं, डावा मिटला, बारीकसं चाक चिमट्यात धरलं आणि दाते मोजले. एकही चुकला नाही. यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की क्षणभर मलाही बरं वाटलं.

मग माझी नजर यांच्या डाव्या डोळ्यावर गेली. लग्न झाल्यापासून बघतेय, भिंग उजव्या डोळ्याला आणि डावा मिटलेला. दिवसभर मिटलेल्या डोळ्याची चौकशी कोण करतंय?

मी यांना भिंग काढायला लावलं. डोळे उघडे ठेवून समोर भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे बघा म्हटलं. कुरकुरत का होईना, बघितलं. मी मागे उभी राहिले आणि यांचा उजवा डोळा तळहाताने झाकला. घड्याळात किती वाजलेत, एवढंच कसंबसं विचारलं.

हे हसले.

"अगं, दोन्ही डोळे झाकलेस तर सांगू कसं?"

माझा दुसरा हात यांच्या खांद्यावर होता.