कानामागचा डाग

मी एक जुने भिंग आहे. पितळी कडेचे, लाकडी मुठीचे. कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटाच्या किनाऱ्यावरील एका कोळीवाड्यात, दवाखान्यातील नर्स लोरेटाच्या खिशात माझी सत्तावीस वर्षे गेली.

मित्रांनो, ती आधी कातडीवरून बोट फिरवी, मग मला धरी. सपाट असेल तर डाग. हाताला लागली तर पुटकुळी. आत पाणी असेल तर फोड, पू असेल तर पुळी. रेनकोटाच्या ओल्या बाह्या घासून कोळ्यांच्या मनगटांवर पुळ्या उठत, तेव्हा ती म्हणे, "मरत नाहीस. आधी त्या बाह्या धू." तिने नाव सांगितले, की माणूस निम्मा बरा होऊनच घरी जाई.

तिचा नवरा गस मात्र कधी माझ्यासमोर आला नाही. "घरी तरी नर्स होऊ नकोस," म्हणून तो हसे. त्याची लोकरी टोपी सदा कानांवर असे. त्याचे केस कापायचा तो त्याचा धाकटा भाऊ चेस, तेही मासेमारीच्या होडीवरच.

एका मार्चमध्ये चेसचा हात मोडला, म्हणून लोरेटाने कात्री घेतली. गसच्या डाव्या कानामागे तिचे बोट थांबले. तिने मला काढले. डाग काळा होता, एका बाजूने निळसर, कडा वेड्यावाकड्या.

"काय आहे गं?"

"तीळ असेल. उद्या सेंट जॉन्सच्या मोठ्या दवाखान्यात दाखवून येऊ."

"तिळासाठी एवढ्या लांब?"

तिने कात्री खाली ठेवली आणि मला खिशात टाकले.

चेसला कळले, तेव्हा तो म्हणाला, "तो होय, वहिनी? दोन वर्षं बघतोय मी. मला तीळच वाटला."

लोरेटा त्याला रागावली नाही. "मी रोज त्याच्या शेजारी झोपते रे," एवढेच म्हणाली.

डॉक्टरांनी खरे नाव सांगितले. कातडीचा कर्करोग, फुप्फुसांत उतरलेला. त्या वर्षी उन्हाळ्यात कॉड मासे किनाऱ्याला येण्याआधीच गस गेला.

त्यानंतर कुणी हात पुढे केला, की लोरेटा म्हणे, "मला नाही कळत त्यातलं." मला तिने पुन्हा हातात घेतले नाही. पुढे दवाखानाही बंद झाला. आता मी शाळेच्या कपाटात आहे. मुले मला उन्हात धरून कागद जाळतात.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असे मी म्हणणार नाही. घरी जाऊन आईबाबांच्या मानेवर, पाठीवर एकदा बघा. नाव येत नसले तरी चालेल. काही वेगळे दिसले, तर त्याच दिवशी सांगा.